शिरलो, पडलो

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रत्नदीप ओव्हाळने चार जणांच्या ग्रुपवर एक शब्द टाकला : पडलो.

प्रशांत तेव्हा बाळकुमच्या आठव्या मजल्यावर पोह्यांसाठी कांदा चिरत होता. त्याने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. बाकी दोघांनी काहीच पाठवलं नाही.

शब्द घाबरण्यासारखा नव्हता. हे चौघे कित्येक वर्षं मलंगच्या रांगेत डर्ट बाइक चालवत होते. एका चाकाएवढी पाऊलवाट, टायरखाली सुटे दगड, मध्येच उघडा कातळ. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्यांनी एक नियम केला होता. पिंपळवाडीत वाट सुरू होते तिथे लिहायचं, ‘शिरलो’. पलीकडे डांबरी रस्त्याला लागलं की, ‘बाहेर पडलो’. त्यातलं ‘बाहेर’ चौघांतल्या सर्वेशने उडवलं. एवढं लांबलचक कोण लिहिणार, असं त्याचं म्हणणं. “आणि पडतो तर आपण रोजच,” तो म्हणाला होता. सगळे हसले आणि तेव्हापासून ‘पडलो’ म्हणजे सुखरूप. कोणी खरोखर पडलं तर बाकीचे तिघे तिथेच असायचे. त्यासाठी वेगळा शब्द लागलाच नाही.

मग सर्वेश बंगळुरूला गेला. जगनचा गुडघा गेला. प्रशांतने मुलगी झाल्यावर गाडी विकली. रत्नदीप जात राहिला. तो खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, राहायला आंबिवलीला, आईबरोबर. ग्रुपवर आता दर रविवारी त्याचे दोन शब्द यायचे आणि बहुतेक वेळा प्रशांतचा अंगठा. दुसरं काही नाही.

दुपारी रत्नदीपच्या आईचा, रमाबाईंचा फोन आला.

“प्रशांत, रत्ना तुझ्याकडे आहे का रे?”

“नाही आई. का?”

“जेवायला येतो म्हणालेला. मटण दोनदा गरम केलं. भाकऱ्या वातड झाल्या पार. मेल्याचा फोन पण लागत नाही.”

“येईल. कुठेतरी चहाला थांबला असेल. सकाळीच आला मेसेज.”

“काय आला?”

“पडलो म्हणून.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“अरे, मग तू गेला का नाहीस?”

“आई, तसं नाही. आमच्यात पडलो म्हणजे—”

“तुमच्यात काय असेल ते असेल. पडलो म्हणजे पडलो.”

प्रशांतने ग्रुप उघडून बायकोपुढे धरला. मायाने वाचलं.

“तू अंगठा दिलास?”

“सवय आहे गं.”

“त्याला फोन केलास?”

त्याने केला. बंद. मग जगनला लावला.

“रत्न्या बोलला का रे तुझ्याशी आज?”

“नाय रे. भाई, मी तो ग्रुप म्यूट केलाय केव्हाचा. का, काय झालं?”

प्रशांतने स्कूटर काढली.

पिंपळवाडीत काळुराम पाटलाच्या अंगणात ते चौघे पूर्वी चहा घ्यायचे. काळुराम खाटेवर बसून विळा परजत होता. त्याने प्रशांतकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं.

“हीच का आता तुजी गारी?”

“काका, रत्नदीप आलेला?”

“सकालीच गेला. एकलाच. च्या घे बोललू, तं बोलतो, एकट्यासाठी कशाला चूल पेटवता. वर घूं घूं आवाज येत व्हता. मंग बंद झाला. मना वाटला, पलीकरं उतरला.”

“पलीकडून घरी नाही गेला.”

काळुरामने विळा कमरेला अडकवला आणि पायात चपला घातल्या.

वाट चढताना प्रशांत खाली बघत होता. जानेवारीची कोरडी माती, त्यावर जाड नक्षीच्या टायरचे ठसे जसेच्या तसे होते. ते वाचायला फार वेळ लागत नव्हता. करवंदीच्या वळणावर ठसा खोल आणि सरळ होता : रत्नदीप तिथे सीटवरून उठून पायांवर उभा राहिला होता आणि वजन मागच्या चाकावर दिलं होतं. पुढे सुट्या दगडांच्या पट्ट्यात मागचं चाक हातभर घसरलं होतं, तरी त्याने गाडी थांबवली नव्हती. थांबलं की पुन्हा निघता येत नाही. पूर्वी अशा ठिकाणी मागून कोणीतरी ओरडायचं, “बघ कुठे? जायचंय तिकडे बघ!” कारण नजर दरीकडे गेली की चाकही तिकडेच जातं. आज ओरडायला मागे कोणी नव्हतं. ठसे एकाच गाडीचे होते.

त्यानंतर जिना. हे नावही त्यांचंच. पावसाळी ओहोळाने कापलेल्या कातळाच्या पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या, डावीकडे घळ. पहिल्या दोन पायऱ्यांवर रबराचे काळे पट्टे होते. तिसरीवर पट्टा तिरका होऊन संपला होता. तिच्या कडेला कातळावर धातूचा पांढरा ओरखडा होता आणि खाली क्लचच्या लिव्हरचा तुटका तुकडा.

“हितं परला,” काळुराम म्हणाला.

प्रशांतने वाकून घळीत पाहिलं. झुडपं मोडलेली नव्हती. त्याने हाक मारली. समोरच्या कड्यावरून त्याचीच हाक परत आली.

गाडी वर सापडली, जिन्याच्या माथ्यावर, अंजनीच्या झाडाला टेकवलेली. हँडल वाकलं होतं. पेट्रोलचा कॉक बंद होता. सीटवर बोटाएवढा रक्ताचा डाग वाळून तपकिरी झाला होता. हेल्मेट नव्हतं, रत्नदीप नव्हता.

“परला त परला, गारी कशी वर आनली?” काळुरामने विचारलं.

“ढकलत आणली असेल.”

“एकल्यानी?”

पूर्वी जिन्यावर गाडी अडली की ती वर काढायला दोघे लागायचे. एक हँडलला, एक मागे.

तेवढ्यात प्रशांतचा फोन वाजू लागला. रमाबाईंच्या चुकलेल्या कॉलचे मेसेज एकामागोमाग येत होते. तेव्हा त्याला आठवलं. सगळ्या डोंगरात रेंज मिळते ती एवढ्या एकाच जागी, या झाडाखाली. डांबरी रस्ता इथून निम्मा डोंगर उतरल्यावर लागतो. ‘बाहेर पडलो’ असं इथून कोणी लिहीत नाही. रत्नदीपने गाडी इथवर ढकलली होती ती रेंजसाठी.

त्याने सकाळचा आपला अंगठा दाबून धरला. कोणी वाचला ते दिसतं. रत्नदीपने तो तीन मिनिटांनी पाहिला होता.

काळुरामला त्याने हे समजावून सांगितलं.

“मंग परत का नाय लिवला त्यानी?”

बॅटरी संपली असेल, फोन फुटला असेल, रेंज गेली असेल.

प्रशांतने पोलिसांना फोन लावला. ठिकाण विचारल्यावर तो जिना म्हणाला, अंजनीचं झाड म्हणाला, करवंदीचं वळण म्हणाला. पलीकडच्या हवालदाराने यातलं कोणतं नाव नकाशावर आहे ते विचारलं. पिंपळवाडी, प्रशांतने सांगितलं. माणसं निघतील, तुम्ही जागा सोडू नका, असं उत्तर मिळालं. मग त्याने रमाबाईंना फोन केला. गाडी सापडली, एवढंच सांगितलं.

“आणि तो?”

“बघतोय, आई.”

झाडापासून दोन वाटा फुटत होत्या. एक डांबरी रस्त्याकडे, दुसरी गुरांची, घळीच्या पलीकडून खाली पाण्यावर जाणारी. माथ्यावर माती नव्हती, नुसता कातळ, त्यामुळे बुटाचा ठसा कुठल्याच वाटेला नव्हता. काळुराम गुरांच्या वाटेने उतरला. प्रशांत रेंजमध्ये थांबला.

त्याने ग्रुपवर लिहिलं : ‘रत्नदीप खरंच पडलाय. जिन्यावर. मी वर आहे.’ सर्वेशने लगेच वाचलं. जगनने वाचलं आणि लिहिलं, ‘निघालो.’ रत्नदीपच्या नावापुढे काही आलं नाही.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी घळीच्या खालच्या अंगाने काळुरामची हाक आली. एकच शब्द होता. ‘हाय’ की ‘नाय’, ते वाऱ्यामुळे प्रशांतला नीट ऐकू आलं नाही.