नऊ आंबे अन् तेल प्यालेली मडकी

सटवाईची आन घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दात बी पाडा.

चौतीस साल असंल. मालेगावच्या अलीकडं मुरमाड टेकडी, लय तापायची. सरडा बी पाय बदलत उभा राह्यचा. तिथं भागीबाईनं नऊ आंबे लावले. दीर रावजी हसला. "वहिनी, दिवाळीच्या पाडव्याला एक जरी पान हिरवं दिसलं, तर टेकडी तुमची. नायतर माझी शेरडं घुसली म्हनून समजा."

भागीबाईनं दर रोपाच्या मुळाशी मडकं पुरलं. वरच्या अंगाला बांध घातले, चर काढले; टेकडीवरचं वाहतं पानी थेट मडक्याच्या तोंडात. सासू आक्काबाईनं पाझरकी मडकी पुढं केली, तर ही फनकारली, "गळकं कशाला? पानी टिकाया नको?" अन् माळ्यावरची तेलाची जुनी मडकी घेऊन गेली.

पोळ्याला एकच सर आली. मडकी काठोकाठ भरली. मग आभाळानं पाठ फिरवली ती फिरवलीच. दसऱ्याला पाहते तर पानं करपलेली, अन् मडक्यात पानी तसंच्या तसं!

भागीबाई मटकन खाली बसली. "आत्याबाई, पानी जागच्या जागी, अन् झाडं चालली!"

"जातील नाय तर काय? प्यायचा माठ अंगानं ओला का असतो? पाझरतो म्हनून. तुझी मडकी तेल प्यालेली. थेंब सोडतील व्हय?"

"मग तवाच का नाय बोलल्या?"

"तू ऐकनार व्हतीस, मोठी शानी!"

पन म्हातारी कंबर बांधून आली. दोघींनी पानी घागरीत काढलं, मडकी उकरली, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. पानी थेंब थेंब झिरपावं म्हनून आक्काबाईनं नेसत्या लुगड्याचा पदर फाडून भोकात चिंध्या ठासल्या. मडकी परत पुरली, पानी परत भरलं.

पाडव्याला रावजी शेरडं घेऊन हजर. भागीबाई बांधावर आडवी उभी. तीन रोपांना पालवी फुटलेली.

रावजी वाकला. "हे तर तांबडं पान! हिरवं ठरलं व्हतं."

आक्काबाई कडाडली, "जल्मलास तवा तू बी तांबडाच व्हतास. फेकला का मी तुला?"

रावजीनं शेरडं फिरवली.

सगळं खरं हाय बरं. फकस्त तीन रोपं म्हनले ना, तेवढं सोडा. जगलं एकच. बाकीची दोन मी आत्ता बोलता बोलता लावली.