चौथं तोंड

साल एकोणीसशे शहाऐंशी. मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि आमच्या घरगाडीखाली पाठीवर पडले होते. हातात ग्रीस गन.

"किती आली?" ह्यांनी बाहेरून विचारलं.

"तीन."

"आणि चौथं?"

"थांबा हो जरा. घाई केली तर येणार आहे का ते?"

हे बस डेपोत फिटर होते. माझ्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला तासाभराच्या वर बसवत नसे, म्हणून ह्यांनी भंगारात निघालेली एक छोटी बस घेतली आणि तिच्यात पलंग, स्टोव्ह, पडदे असं सगळं बसवलं. पडल्यापडल्या मला जग दाखवणार होते. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा जातो, तो शाफ्ट. त्याच्या टोकांना क्रॉस नावाचे सांधे असतात. सांध्यात ग्रीस भरलं की चारही तोंडांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आलंच पाहिजे, हा ह्यांचा नियम. ह्यांचं पोट काही गाडीखाली मावत नसे. म्हणून दर रविवारी मी जाई. झोपून करण्याजोगं तेवढंच एक काम मला उरलं होतं.

"काय मेस्त्री, गाडी बाळंत कधी व्हायची?" शेजारचा शिंपी कुंपणावरून विचारी. दोन वर्षं होत आली, तरी गाडी गल्लीचं टोक ओलांडून गेली नव्हती. दर वेळी ह्यांना काहीतरी खटके.

पण त्या आठवड्यात आक्काच्या सुनेचं पत्र आलं होतं. आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. आता दोन दिवसांच्या वाटेवर राहायची, आणि नऊ वर्षांत आमची भेट नव्हती. सुनेने लिहिलं होतं, 'आईंची नजर झपाट्याने जाते आहे. डॉक्टर फार तर महिनाभर म्हणतात. धाकटीला एकदा बघू दे, एवढंच त्यांचं चाललं आहे.'

"येत नाही ना? राहू दे. नवा क्रॉस मागवू," हे म्हणाले. "तीन आठवडे लागतील."

"तीन आठवड्यांनी आक्काला काय दाखवू? माझा आवाज?"

डेपोत एकदा ह्यांनी तीन तोंडांवर भागवून बस सोडली होती. उतारावर शाफ्ट तुटला आणि ड्रायव्हरचा पाय गेला. ती गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नसे.

मी तशीच पडून राहिले. मग तिसऱ्या तोंडाशी आलेलं ग्रीस बोटावर घेतलं आणि चौथ्याला लावलं.

"आलं हो!"

ह्यांनी वाकून टॉर्च मारला. "वा! मग उद्या निघू." आणि घरात जाताना चक्क शीळ घातली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती; ह्यांना शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग माझ्या पलंगाखालून बारीक आवाज यायला लागला. चिव, चिव, चिव. कोरडा पडलेला सांधा असाच बोलतो, हे ह्यांनीच शिकवलं होतं मला. पुढे इंजिनाच्या घरघरीत ह्यांना तो ऐकू येत नव्हता. मी तासभर कानावर उशी दाबून पडले. आक्का, आक्का, एवढंच मनात. मग खिडकीतून उताराची पाटी दिसली.

"अहो, थांबा! गाडी थांबवा!"

"काय गं, पाठ दुखतेय?"

"चौथं तोंड आलं नव्हतं. मी बोटाने लावलं."

ह्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून चाकांना दगड लावले. मग शर्ट काढून, पोट खरवडून घेत, स्वतः गाडीखाली शिरले. तीन तासांत माझ्याशी फक्त पान्यांचे आकडे बोलले. "चौदा." "सतरा." मी दारातून देत होते. सांधा उघडला तर आत गंजाची लाल पूड. ती रॉकेलने धुतली, ग्रीस बोटाने भरलं, सगळं परत आवळलं. गन लावली तेव्हा चारही तोंडं बोलली.

"हे घरी करता आलं नसतं?" मी हळूच विचारलं.

"आलं असतं."

"मग?"

"उघडून बघायची छाती झाली नाही," हे म्हणाले, आणि हात पुसत राहिले.

तिथून पुढे बैलाच्या चालीने गेलो. मुक्काम एक वाढला. पोचलो तेव्हा आक्का खुर्चीत बसली होती. मी तिच्या गुडघ्यांशी बसले, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रागावल्या नाहीत हो," सून म्हणाली. "मधलं दिसत नाही त्यांना. कडेने थोडं दिसतं."

भिंतीकडे बघत आक्का मला कितीतरी वेळ पाहत होती.

"कानामागची बट पांढरी झाली गं," ती म्हणाली. "आणि नाकाला काळं काय लागलंय?"

आम्ही आठ दिवस राहिलो. ह्यांनी तिथेच नवा क्रॉस मिळवून बसवला.

पुढे शिंप्याने दुकान मुलाला दिलं आणि स्वतः मुलीकडे राहायला गेला. सुनेची पत्रं मला अजून येतात, आता तिची नात लिहून देते. घरगाडीतून आम्ही आणखी सहा प्रवास केले. मग ती एका फिरत्या फोटोग्राफरने नेली. त्या सहाही वेळी हे स्वतःच गाडीखाली गेले. मला रागाने कधी एक शब्द बोलले नाहीत, पण ते काम मला परत दिलं नाही. मीही मागितलं नाही. मागायला हवं होतं, असं हे गेल्यापासून वाटतं.

आक्काची नजर त्या वर्षअखेर पुरती गेली. नंतर ती अकरा वर्षं जगली, आणि आलेल्यागेलेल्याला माझं वर्णन करून सांगायची म्हणे: निळा स्वेटर, कानामागे एक पांढरी बट, गालांवर अजून तजेला. मी पुढे तीनदा तिला भेटले. दर वेळी मी आणखी थकलेली, दर वेळी आणखी वाकलेली. ती माझा चेहरा चाचपायची आणि म्हणायची, "तशीच आहेस हो." मी "हो," म्हणायचे.