मंगळवार-शुक्रवारचा फोन

शिवणवाल्या मावशींचा नवा फोन आठवड्यातून दोनच दिवस बिघडायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि तोही सकाळी साडेदहा ते साडेअकरा एवढाच वेळ. बाकी सगळा वेळ तो इतका गुणी असायचा की त्याची तक्रार करावी तर कुणाला खरी वाटू नये.

मावशींचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दोन मशिनं, खिडकीला लागून कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या मापांच्या वह्या. त्यांचा जुना बटणांचा फोन लेकीने काढून घेतला होता आणि हा काचेचा हातात ठेवला होता. ‘‘आई, हा हुशार फोन आहे. सगळं आपलं आपण करतो,’’ असं सांगून ती आपल्या गावी निघूनही गेली. आपलं आपण करतो म्हणजे नक्की काय करतो, ते मावशींना पुढच्या दोन महिन्यांत कळायचं होतं.

व्हायचं असं, की मंगळवारी अकराच्या सुमारास फोन वाजायचा. पडद्यावर नाव यायचं, ताई. मावशी बोटांचा खडू पुसायच्या, हिरवं वर्तुळ सरकवायच्या, फोन कानाला लावायच्या आणि ऐकू काहीच यायचं नाही. खरखर नाही, शिट्टी नाही, काही नाही. कापसाच्या गादीला कान लावल्यासारखं.

‘‘हॅलो! ताई! अगं बोल की! हॅलो!’’

पडद्यावर सेकंद मात्र पळत असायचे. शेवटी मावशी ‘‘मेला दगड’’ म्हणून फोन टेबलावर पालथा घालायच्या आणि अर्धवट राहिलेल्या कॉलरकडे वळायच्या. लाल बटण दाबायचं त्यांच्या मनातही यायचं नाही. पलीकडे माणूसच नाही, तर फोन ठेवायचा कुणाचा?

संध्याकाळी त्या स्वतः ताईला फोन लावायच्या तेव्हा आवाज असा खणखणीत यायचा, की जणू ताई शेजारच्या खुर्चीवर बसली आहे.

‘‘ताई, सकाळी तुझं मला काही ऐकूच आलं नाही गं.’’

‘‘बरोबर,’’ ताई एकदम आवाज खाली आणून म्हणायची. ‘‘शहाणी आहेस. असंच म्हण.’’

‘‘अगं, असंच म्हण काय? खरंच काही ऐकलं नाही मी!’’

‘‘कळलं, कळलं. सूनबाई इथेच आहे. ते सकाळचं इथे काढू नकोस.’’ आणि लगेच मोठ्याने, ‘‘बाकी हवापाणी काय म्हणतंय तुमच्याकडे?’’

मावशी फोन ठेवून बघत राहायच्या. फोन तर फोन, आता ताईलाही काहीतरी झालंय की काय?

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे त्या तीनदा जाऊन आल्या. प्रत्येक वेळी तो आपल्या फोनवरून त्यांना फोन लावायचा, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं उत्तम चालायचं.

‘‘मावशी, फोन ठणठणीत आहे तुमचा.’’

‘‘तुमच्याकडे आल्यावर आहे हो! दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, तसं आहे याचं.’’

मोबाइलवाला माणूस भला होता. त्याने पहिल्यांदा सांगितलं, वायफाय बंद करा, फोन कुठल्या तरी लांबच्या वायफायला लोंबकळत असेल. मावशींनी केलं. मग म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. तिसऱ्यांदा त्याने वरून बोट ओढल्यावर उतरणारा खुणांचा तक्ता दाखवला, आणि घरी आल्यावर तो तक्ता पुन्हा बघताना मावशींचं बोट विमानाच्या चित्रावर पडलं. पुढचे दोन दिवस कुणाचाच फोन आला नाही. एका गिऱ्हाइकाने जिना चढून येऊन विचारलं, ‘‘अहो, तुम्ही कुठे परदेशी गेला होतात का?’’ तेव्हा त्या विमानातून खाली उतरल्या.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने शोध सुरू केला. मापांच्या वहीत, एका गृहस्थांची छाती, खांदा आणि बाही जिथे संपत होती त्याच्या मागच्या पानावर, त्या लिहू लागल्या. वार, वेळ, फोन कुणाचा, ऐकू आलं की नाही. महिनाभराने ते पान त्यांनी मोबाइलवाल्यापुढे ठेवलं.

‘‘फोनला वार कळतो का हो?’’

‘‘कसं शक्य आहे मावशी?’’

‘‘याला कळतो.’’

त्याने पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. ‘‘एक करा. पुढच्या वेळी फोन मुका झाला की तो खाली ठेवू नका. हातात धरून चालायला लागा. कुठे गेल्यावर आवाज येतो ते बघा.’’

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना ताईचा फोन आला, आणि नेहमीप्रमाणे मुका. मावशींनी गळ्यातली टेप तशीच ठेवली, फोन कानाला दाबला आणि निघाल्या. दुकानभर फिरल्या, काही नाही. गॅलरीत गेल्या, काही नाही. जिना उतरू लागल्या. ‘‘हॅलो. हॅलो.’’ पायरीगणिक एक हॅलो. आणि शेवटच्या वळणावर ताईचा आवाज आला. पण फोनमधून नाही. खालच्या हॉलच्या बंद दारामागून, आणि चांगला दहा माणसांना पुरेल एवढा.

ताई न सांगता आली! एवढंच मावशींच्या डोक्यात आलं, आणि त्यांनी दार ढकललं.

खालच्या हॉलमध्ये निवृत्त कवायतीचे सर साठीच्या पुढच्या लोकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायचे. आठवड्यातून दोन दिवस, गाणी लावून. मावशींना हे माहीत होतं, वरपर्यंत ठेका ऐकू यायचा. पण आत्ता गाणं नव्हतं की व्यायाम नव्हता. बाराजण खुर्च्या ओढून अर्धवर्तुळात बसले होते. एका आजींचा हात वर गेलेला तसाच वर राहिला होता. सर खिडकीपाशी हाताची घडी घालून उभे होते, आणि कट्ट्यावर ठेवलेल्या काळ्या स्पीकरमधून मावशींची सख्खी मोठी बहीण बोलत होती.

‘‘...म्हणून म्हणते ठमे, मी आता हे सोडून देते.’’

ठमी! या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. मावशी दारातच थिजल्या.

‘‘श्श्,’’ जवळच बसलेले पोस्टमनकाका कुजबुजले. टपाल वाटून वाटून त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून ते वर्गाला येत. ‘‘बसा, बसा. रेडिओवरची मालिका आहे. स्पीकरमध्ये आपोआप लागते. आज फार वाईट वळणावर आलीय.’’

‘‘कसली मालिका?’’

‘‘एक ताई आहे. अडुसष्ट वर्षांची. घरच्यांच्या नकळत पोहायला शिकते. तलावावरून आली की धाकट्या बहिणीला फोन करते. ती ठमी मात्र एक अक्षर बोलत नाही. फार गुणी पात्र आहे.’’

मावशींना आयुष्यात गुणी असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं, तेही न बोलण्याबद्दल. पण ते मनात शिरायला वेळच नव्हता. पोहायला? ताई?

दोघी लहान असताना नदीवर कपडे धुताना ताईचा पाय घसरला होता, आणि ठमीने तिची वेणी धरून तिला ओढून काढलं होतं. त्या दिवसापासून दोघींपैकी कुणीही घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. आणि ही बाई अडुसष्टाव्या वर्षी...

‘‘आज तिने खोल भागाकडे तोंड करून उभं केलं,’’ स्पीकर सांगत होता. ‘‘माझी शिकवणारी गं, लेकीच्या वयाची आहे. म्हणाली, आजी, इथून तिथपर्यंत फक्त आडवं जायचंय, मी बाजूला आहे. मी काठ सोडला. चार हात मारले आणि पाय खाली लागेना. मग कसली आजी आणि कसलं काय, नाकातोंडात पाणी. सगळ्यांसमोर तिने मला उचलून काठावर बसवलं. लाज वाटली. आपलं वय बघावं माणसाने. सोडते मी.’’

सोड बाई, सोड! हेच मावशींच्या ओठांवर आलं. आजच्या आज सोड! पण त्या तोंड उघडणार तेवढ्यात पोस्टमनकाका दुखऱ्या गुडघ्यांसकट उभे राहिले आणि ओरडले, ‘‘अहो ताई, सोडू नका!’’

‘‘चार हात मारले की!’’ हात वर धरलेल्या आजी म्हणाल्या. ‘‘मागच्या मंगळवारी दोनच होते!’’

मग सगळेच बोलायला लागले. आणि काळा स्पीकर गप्प झाला.

‘‘कोण आहे?’’ स्पीकरने घाबरून विचारलं. ‘‘ठमे? तुझ्याकडे कोण आलंय?’’

बाराच्या बारा माणसं जागच्या जागी गोठली. रेडिओने उलट बोलावं अशी त्यांच्यापैकी कुणाचीच अपेक्षा नव्हती. सरांनी घडी सोडून कमरेवर हात ठेवले.

मावशी पुढे गेल्या. फोनकडे तोंड करावं की स्पीकरकडे, त्यांना कळेना. शेवटी त्या स्पीकरसमोर वाकल्या, एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा. ‘‘ताई, मी आहे. ठमी.’’

मागे कुणीतरी ‘‘अगं बाई!’’ म्हणालं.

‘‘किती माणसं जमवलीस गं? सगळ्यांना सांगितलंस?’’

‘‘मी नाही, तूच सांगितलंस. दोन महिने. मी आज पहिल्यांदा ऐकतेय.’’

काय घडलं ते ताईला समजावायला दहा मिनिटं लागली, कारण ते मावशींनाही नीट समजलं नव्हतं.

‘‘म्हणजे तू ऐकत नव्हतीस,’’ ताई म्हणाली. ‘‘मला वाटलं, ठमी या वेळी मधेच तोंड घालत नाही. ओरडत नाही. म्हणून सांगत गेले. पहिल्या दिवशीच तू ‘नको’ म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते.’’

ताईचं खरंच होतं. कारण त्या म्हणाल्याच असत्या. आत्ताही म्हणणार होत्या. त्यांनी मागे वळून त्या बारा चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि पोस्टमनकाकांनी तर दोन्ही हातांनी खुणा चालवल्या होत्या, हो म्हणा, हो म्हणा.

‘‘ताई,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पाय खाली लागेना तेव्हा तू काय केलंस?’’

‘‘हात मारत राहिले.’’

‘‘मग मंगळवारी पाच हात मार. आणि लगेच फोन कर.’’

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पलीकडून ताईने नाक ओढल्याचा आवाज आला, तो स्पीकरमुळे भलताच मोठा आला, आणि त्यावर आधी ताईच हसली.

फोन संपल्यावर सरांनी खुलासा केला. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी वरून मावशींचा फोन मागून नेला होता आणि तो या स्पीकरला जोडून गाणी लावली होती. तेवढ्या एका दिवसाची ओळख फोन आणि स्पीकर या दोघांनीही जन्मभर लक्षात ठेवली. स्पीकर चालू झाला की वरचा फोन मजला ओलांडून त्याच्या गळ्यात पडायचा, बोलणं तिकडे, ऐकणंही तिकडे.

‘‘आणि मी हा स्पीकर दोनदा दुरुस्तीला दिला!’’ सर म्हणाले. ‘‘दुकानदार म्हणतो काही बिघाड नाही. त्याच्याकडे मालिका लागायचीच नाही ना!’’

‘‘पण माझी गिऱ्हाइकं?’’ मावशींना एकदम आठवलं. ‘‘त्यांचेही फोन येतात या वेळेला.’’

‘‘एका गृहस्थांनी पँटची कंबर दोन बोटं वाढवायला सांगितलीय,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आम्हाला वाटलं, मधली जाहिरात.’’

सरांनी मावशींच्या फोनवर निळ्या फुलीसारखी ब्लूटूथची खूण दाबली. जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. तिच्यात एकच नाव होतं. खाली लिहिलं होतं, हे उपकरण विसरा.

‘‘विसरायला सांगू?’’

‘‘थांबा!’’ पोस्टमनकाका म्हणाले. ‘‘मग आम्हाला मंगळवारी पाच हात झाले की नाही ते कसं कळणार?’’

वाद झाला. सरांचं म्हणणं, वर्गात व्यायाम व्हायला हवा. वर्गाचं म्हणणं, शेवटचा अर्धा तास तसेही आपण दमलेलेच असतो. शेवटी मावशींनी निकाल दिला. फोन विसरेल, पण त्या स्वतः अकराला खाली येतील आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवतील. ताईची हरकत नसेल तर. संध्याकाळी त्यांनी विचारलं, तेव्हा ताई कुजबुजत का होईना पण म्हणाली, ‘‘त्या गुडघेवाल्या काकांना पुढे बसा म्हणावं.’’

मंगळवारी सात हात झाले. शुक्रवारी पाऊण तलाव. त्याच्या पुढच्या मंगळवारी ताईला धाप लागली होती आणि ती नुसतंच ‘‘लागला, लागला, दुसरा काठ हाताला लागला’’ म्हणत राहिली. त्या दिवशी सरांनी व्यायाम घ्यायचा नादच सोडला. त्याच संध्याकाळी ताईने घरात सांगून टाकलं, तर मुलगा म्हणाला, ‘‘आई, ओला टॉवेल दोन महिने गॅलरीत वाळतोय. आम्ही तू कधी सांगतेस याचीच वाट बघत होतो.’’

एकच कुरकुर उरली. बाजारात मिळणारा पोहण्याचा पोशाख ताईला दंडात काचायचा आणि पाठीवर ढगळ व्हायचा. मावशींनी ताणलं जाणारं काळं कापड आणलं. असल्या कापडावर त्यांनी कधी सुई चालवली नव्हती. पहिली शिवण लाटेसारखी वर-खाली गेली, दुसरी उसवली, तिसरीला बारीक सुई लावून, कागद खाली घालून मशीन हळूहळू मारलं तेव्हा ती सरळ आली. मग त्यांनी फोन लावला, गळ्यातली टेप सारखी केली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

‘‘ताई, कंबर सांग.’’

ताईने आकडा सांगितला.

‘‘खरी सांग. पाण्यात उसवलं तर मला बोलायचं नाही.’’

पलीकडे बराच वेळ टेप सरकल्याची खुसखुस होत राहिली. मग ताईने चार बोटं वाढवून आकडा सांगितला, आणि मावशींनी तो मुकाट्याने लिहून घेतला.