लघवीचा तक्ता

मांडीतून नळी घालून बापाच्या हृदयातली झडप बदलली, छातीवर साधा ओरखडासुद्धा नाही, म्हणून शिंपी वॉर्डभर मिरवत होता. नर्सबाईंनी त्याला एकच काम दिलं होतं. झडप बसवताना रक्तात सोडलेलं औषध किडनीला बाधू शकतं, तेव्हा दोन दिवस बाबांना ठरलेलं पाणी पाजायचं, दर वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून तक्त्यावर लिहायची, आणि कमी झाली तर लगेच सांगायचं.

पाव इंचासाठी गिऱ्हाइकाला तीनदा उभं करणारा हा माणूस. पण भांडं उचललं आणि त्याला उमासाच आला. नाक दाबून त्याने ते रिकामं केलं आणि मनाला येईल तो आकडा लिहिला. पुढे तर भांड्यात डोकावायचंही सोडलं. दर चार तासांनी एक भरघोस आकडा टाकला की झालं. अक्षर इतकं सुबक, की नर्सबाईंनी कौतुक केलं. ते त्याने खुशाल घेतलं.

तिसऱ्या सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी बिघडली होती. डॉक्टरीणबाईंना तक्ता आणि रिपोर्ट यांचा मेळ बसेना. त्यांनी विचारलं, हे मोजलं कोणी?

"आकडे मीच सांगत होतो पोराला, अंदाजे," म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला.

बाई त्याला रागावल्या, लहान मुलाला रागवावं तशा. शिंपी खाली मान घालून ऐकत राहिला. वेळ निभावली होती, गप्प बसायचा मोह होता. पण बापाने "चुकलं" म्हणून हात जोडले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा खोटं बोलताहेत. मी मोजलंच नाही. आकडे माझ्या मनचे आहेत."

बाईंनी आवाज चढवला नाही. कालच कळलं असतं तर कालच उपचार बदलले असते, म्हणाल्या. आता कदाचित डायलिसिस लागेल. आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

तुम्ही कशाला माझं पाप अंगावर घेतलंत, असं त्याने बापाला विचारलं.

"माझंही आहेच की त्यात," बाप म्हणाला. "भांडं उचलताना तुझं तोंड बघवेना. म्हटलं, प्यायलोच नाही तर पोराला त्रास नाही. तू बाहेर गेलास की पाणी बेसिनमध्ये ओतत होतो."

हेही आता बाईंना सांगायला हवं होतं. शिंपी उठला आणि तक्ता घेऊन बाईंच्या मागे पुढच्या खाटेकडे निघाला.