डाव्या बाजूची खुर्ची

ताई तीच सुरावट तिसऱ्यांदा वाजवायला लागली, तेव्हा छोटी चमकून पुढे वाकली.

रिकाम्या सभागृहात ती मधल्या रांगेत एकटीच बसली होती. मंचावर पियानो, पियानोशी ताई, आणि मागे एक माणूस शिडीवर चढून दिवे नीट करत होता. त्या माणसाला काही खटकलं नाही. खटकायचं कारणही नव्हतं, कारण ताई वाजवत होती ते नेहमीसारखंच सुंदर होतं. पण ही रचना छोटीला स्वतःच्या स्वयंपाकघराइतकी पाठ होती. त्यात ती सुरावट दोनदाच येते. पहिल्यांदा ती संपताना डावा हात वर सरकतो आणि वादन मधल्या भागात शिरतं. दुसऱ्यांदा संपताना डावा हात खाली, एका खोल स्वरावर उतरतो आणि तिथून शेवट सुरू होतो. बाकी सगळं जसंच्या तसं. आज ताई दुसऱ्यांदाही वरच गेली होती. म्हणजे पुन्हा मधला भाग, पुन्हा तीच सुरावट. चुकीच्या गल्लीत वळून माणूस परत त्याच चौकात यावा, तसं.

या वेळी मात्र डावा हात खाली उतरला. शेवट आला, दणक्यात आला, आणि शिडीवरच्या माणसाने एका हाताने मांडीवर थाप मारून दाद दिली.

"कसं झालं गं?" ताईने मंचावरून विचारलं.

"छान झालं."

"छान काय छान? भाजी छान होते. वाजवणं कसं झालं ते सांग."

तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नव्हता. ती एक फेरा जास्तीचा मारून आली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. छोटी काहीतरी पुटपुटली आणि पर्समध्ये उगाच रुमाल शोधू लागली. संध्याकाळी हेच सभागृह भरणार होतं.

छोटी हे नाव साठी उलटल्यावरही तिला चिकटून होतं, आणि ते ठेवणारी ताईच होती. दोघींना पियानो बाबांनी शिकवला. घरात पियानो एक आणि मुली दोन. ताई एकदा बसली की तिला उठवायची कुणाची टाप नव्हती. आई जेवायला हाका मारून दमायची. मग छोटीने गल्लीच्या टोकाच्या चर्चमधला ऑर्गन गाठला. तो दिवसभर रिकामा असायचा आणि तिथे थंडीने बोटं आखडायची, पण 'ऊठ, आता माझी पाळी' म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे जी बसली ती बसलीच. लग्न झालं, मुलं झाली, मुलांची मुलं झाली, छोटी ऑर्गनवरच राहिली. लोकांची लग्नं तिने वाजवली आणि पुढे त्यातल्या कितीतरी जणांची शेवटची प्रार्थनाही वाजवली. ऑर्गनवाल्याचं तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. खाली काय चाललंय ते समोरच्या छोट्या आरशात बघायचं. नवरी दारातच फोटोसाठी थांबली तर सूर लांबवायचा, तरातरा चालत आली तर मधूनच गुंडाळायचा, आणि हे सगळं असं की कुणाला शिवण दिसता कामा नये.

ताईची गोष्टच वेगळी. तिने जग पाहिलं आणि जगाने तिला. व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन काखोटीला मारून फिरतो. पियानोवाल्याला ते सुख नाही. जाईल त्या गावी परका पियानो. कुठे पट्ट्या जड, कुठे पेडल कुरकुरणारं, कुठे वरचे स्वर फुटक्या भांड्यासारखे. ताई सकाळी त्या परक्या पियानोशी दार लावून बसायची आणि संध्याकाळपर्यंत त्याला असा माणसाळवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तिच्याच घरातला. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "माझ्याकडे एक काळं, तीन पायांचं प्रकरण आहे. त्याचंच करता करता नाकी नऊ येतात."

आणि सगळं पाठ. मोठ्या वादकाने समोर स्वरलिपीचं पुस्तक ठेवायचं नाही, असा या धंद्याचा रिवाजच. एकदा तर ऐन कार्यक्रमात दिवे गेले होते. मिट्ट काळोख. लोक जागच्या जागी थिजले, पण पियानो क्षणभरही थांबला नाही. दिवे आले तेव्हा ताई मान किंचित कलती ठेवून वाजवतच होती, जणू दिवे गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्या दिवशी छोटी प्रेक्षकांत होती. अभिमानाने तिचा ऊर इतका भरून आला की टाळ्या वाजवायचंच राहून गेलं.

त्याच ताईला आता सांगायचं कसं?

मंचामागच्या खोलीत ताई आरशासमोर बसून बोटं चोळत होती. छोटीने दार लोटून घेतलं.

"ताई, तू मघाशी एक फेरा जास्तीचा मारलास."

"कसला फेरा?"

"सुरावट तीनदा आली. दुसऱ्यांदा तू खाली उतरलीच नाहीस. वर गेलीस."

ताईची बोटं थांबली. "काहीतरीच. तुझं लक्ष नव्हतं."

"माझंच लक्ष होतं."

"तुला ना पहिल्यापासून खोड आहे. मी वाजवलं की चूक काढायची."

आयुष्यात एकदाही छोटीने ताईची चूक काढली नव्हती, आणि हे दोघींनाही माहीत होतं. मग ताईनेच आरशातून तिच्याकडे बघितलं. या खेपेला आवाज खाली आला होता.

"घरी होतं कधीकधी. मध्येच वाटतं, हे मी आत्ताच वाजवलं की कालचं आठवतंय? म्हटलं, मंचावर गेले की होणार नाही. मंचावर कधी झालं नव्हतं गं."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. ते म्हणाले, वय झालं. त्यासाठी एवढं शिकावं लागतं!"

छोटीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ताईच्या शेजारी स्टुलावर बसत ती म्हणाली, "पुस्तक ठेवू या ना समोर. मी पानं उलटते."

"वेडी आहेस का? पुस्तक ठेवू? म्हणजे लोकांनी म्हणायचं, म्हातारी विसरायला लागली. त्यापेक्षा हात दुखतोय म्हणून कार्यक्रमच रद्द करते. हात दुखणं चालतं लोकांना."

"पुस्तक ठेवण्यात एवढं काय आहे?"

"शिकाऊ लोकांचं काम आहे ते."

"मी जन्मभर पुस्तक ठेवूनच वाजवलंय," छोटी म्हणाली.

छोटी रागावून बोलली नव्हती, आणि म्हणूनच ते ताईला जास्त लागलं. तिने समोरचा रुमाल उचलला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि सभागृहाचे व्यवस्थापक डोकावले. सगळी तिकिटं संपल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "मॅडम, मंचावर आणखी काही हवं-नको?"

ताईने छोटीकडे पाहिलं नाही. रुमालाने हात पुसले, घडी घातली.

"एक खुर्ची लागेल," ती म्हणाली. "डाव्या बाजूला. आणि पियानोवर पुस्तक ठेवायची ती फळी काढून ठेवली असेल तुम्ही, ती लावा परत."

व्यवस्थापक बिचारे गोंधळले, पण मान डोलावून गेले.

संध्याकाळी ताई मंचावर आली ती चष्मा लावून. मागोमाग पुस्तक घेऊन छोटी. सभागृहात कुजबुज झाली. छोटीला ती पाठीवर जाणवली. एवढ्या लोकांसमोर येण्याची तिला सवय कुठली? पुस्तक फळीवर ठेवल्यावर आपले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. ताईने मात्र असं वाकून अभिवादन केलं की जणू पुस्तक, चष्मा आणि बहीण ही तिघं पहिल्यापासून तिच्या लवाजम्यात होती. कुजबुज विरली.

आणि मग ताईने वाजवायला सुरुवात केली. इतक्या जवळून छोटीने तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या हातांवरच्या शिरा वर आल्या होत्या, एक बोट सांध्यात वाकडं झालं होतं, आणि तरी पट्टीवर ते पडत होतं ते असं अचूक आणि असं मऊ, की छोटी पान उलटायचं विसरता विसरता राहिली. आपण वाजवतो ते काम आहे, हे काहीतरी निराळंच आहे, असं तिला वाटलं, आणि त्यात असूयेचा कणही नव्हता.

ती सुरावट पहिल्यांदा आली. डावा हात वर गेला, बरोबर. मधला भाग सुरू झाला आणि छोटीच्या लक्षात आलं की ताईने डोळे मिटलेत. जन्माची सवय ती. समोर पुस्तक उघडं, नाकावर चष्मा, आणि बाई डोळे मिटून वाजवतेय!

सुरावट दुसऱ्यांदा आली. छोटीने पान उलटलं आणि मनातल्या मनात म्हणाली, खाली, ताई, खाली उतर. ताईचा डावा हात वर गेला.

पुन्हा मधला भाग सुरू. तिने आवाज न करता पानं मागे उलटली, ताई होती त्या जागी आणून ठेवली. पण त्याचा उपयोग काय? बघतंय कोण? खांद्याला हात लावावा तर ताई दचकेल. कानात सांगावं तर पहिल्या रांगेला ऐकू जाईल. सकाळी निदान दुसऱ्या फेऱ्यात ती आपणहून बाहेर पडली होती, आत्ताही पडेल. आणि नाही पडली तर? तिसरा फेरा, चौथा फेरा? मग लोकांच्या लक्षात येणारच. मग एवढ्या वर्षांचं सगळं पुसलं जाईल आणि ही एकच संध्याकाळ उरेल.

सुरावट आली. छोटी उठून उभी राहिली, पान उलटायला उठतात तशी. डावा हात पानाच्या कोपऱ्यावर नेला आणि उजवा खालच्या पट्ट्यांवर. तिला तो स्वर पक्का माहीत होता; पण ऑर्गनची पट्टी कशीही दाबली तरी सारखाच आवाज देते, पियानोची तशी नाही. हलकी दाबली तर मुकी राहते, जोरात दाबली तर ओरडते. चर्चमध्ये दारात थांबलेल्या नवरीकडे आरशातून बघावं तसं तिने ताईच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो वर सरकायला निघाला, आणि छोटीने तो खोल स्वर दाबला.

ताईचा हात अधांतरी थबकला, पापणी लवायलाही लागणार नाही इतकाच वेळ. मग तो खाली आला, छोटीच्या बोटाशेजारून त्या स्वरावर बसला आणि पुढे निघाला. ताईचे डोळे उघडे होते. शेवट तिने पुस्तकात बघून, ओळीवर ओळ वाचत वाजवला, आणि त्या वयाच्या बाईने असा शेवट करावा याचं छोटीला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मंचामागे पडद्याआड पोचल्याबरोबर ताईने तिचं मनगट धरलं.

"किती फेरे मारले?"

"एकच जास्तीचा."

"कळलं कुणाला?"

"नाही. अगं, पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत होते."

"तो खालचा स्वर तू वाजवलास."

"हो."

"जरा जोरात पडला."

"ऑर्गनवाल्याचं बोट आहे, ताई."

"वेळेवर मात्र पडला," ताई म्हणाली. "अगदी वेळेवर. माझ्याबरोबर फिरले ते वादक असे वेळेवर नव्हते." एवढं बोलून तिने मनगट सोडलं. ताईच्या तोंडून अशी दाद छोटीने जन्मात ऐकली नव्हती.

बाहेर 'वन्स मोअर'चा गजर चालला होता. छोटीने पुस्तक उचललं, पण ताईने मानेनेच नको म्हटलं. चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि एकटी मंचावर गेली.

लोक हळूहळू शांत झाले, ऐकायला सावरून बसले. ताई पियानोपाशी उभी राहिली. बसली नाही. तिने पट्ट्यांवरचं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि सावकाश खाली आणलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावतात तसं, आवाज होऊ न देता. मग लोकांकडे वळून वाकली, नेहमीसारखीच. सुरुवातीला कुणालाच काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतले ते गृहस्थ उठून उभे राहिले, त्यांच्यामागची रांग उठली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं.

ताई आत आली आणि सामानाच्या एका पेटीवर बसली.

"बूट काढ गं जरा," ती म्हणाली. "वाकवत नाहीये."

छोटी तिच्या पायाशी बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. गाठ घट्ट होती. बाहेर टाळ्या अजून चालूच होत्या.