बिनलगामाचा घोडा

बाजारात तिला सगळे भिंगबाई म्हणत. जुनं नाणं खरं की बनावट, हे ती सांगे, आणि एकदा सांगितलं की शब्द फिरवत नसे, कारण तशी वेळच येत नसे. फार शिष्ट आहे, अशी कुरकुर करणारे नाणं विकत घेण्याआधी मुकाट्याने तिच्याच दुकानाची पायरी चढत.

त्या सकाळी ती भंगारवाल्याने आणून टाकलेला काळवंडलेल्या नाण्यांचा ढीग चाळत होती. घोडेस्वाराचं एक चांदीचं नाणं हाती लागलं. असली नाणी पोत्याने मिळतात, म्हणून ती ते बाजूला सारणार, तोच नजर घोड्याच्या मानेवर थबकली. स्वाराची मूठ आवळलेली होती, पण मुठीत काहीच नव्हतं. लगाम गायब होता.

असं बिनलगामाचं नाणं तिने आजवर एकच पाहिलं होतं, आणि त्यापायी तिच्या वडिलांचं हसणं बंद झालं होतं.

ते नाणं नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मोठ्या हौसेने नाणेसंग्राहक मंडळाच्या अंकात छापायला दिलं होतं. लगामाची जागा मोठी करून दाखवणारा फोटोही जोडला होता. मंडळाचे अध्यक्ष नानांचे शाळेपासूनचे दोस्त. शाळेत उवांपायी एकदा त्यांचं डोकं भादरलं होतं, तेव्हापासून नानांच्या लेखी ते टकल्या. त्याच टकल्याने अंक निघाल्यावर भर सभेत सांगितलं, "फोटोत चरे स्पष्ट दिसतायत. लगाम कुणीतरी टोकदार हत्याराने खरवडलाय." कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज उरली नाही. नाना खिशातलं नाणं खिशातच ठेवून उठले. "ज्याला माझा शब्द पुरत नाही, त्याला नाणं कशाला दाखवू?" एवढंच घरी येऊन म्हणाले. पुढे मंडळाचं नाव निघालं की ते भरल्या ताटावरून उठत. त्यांचा राग खरा होता आणि दुःख त्याहून खरं होतं.

दुकान बंद करून ती तडक माहेरी गेली.

"पुन्हा ते मढं उकरू नकोस," आई दारातच म्हणाली.

"आता ते मढंच उठून साक्ष देणार आहे, आई. कपाटातलं नाणं काढ."

नाना आतल्या खोलीत पडले होते. तिने सोबत आणलेला मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि दोन्ही नाणी आळीपाळीने त्याखाली धरली. नाणं कुणी खरवडलं असतं, तर रेघा खोल गेल्या असत्या. इथे त्या केसासारख्या बारीक आणि वर उठलेल्या होत्या. म्हणजे घासला गेला होता तो ज्याने नाणी पाडतात तो पोलादी ठसा. ठसा खराब झाला की टांकसाळीत तो घासून गुळगुळीत करत. हात जरा जड पडला की सगळ्यात उथळ कोरलेला लगाम पुसला जाई, आणि ठशावरचे ओरखडे नाण्यावर उंच उमटत. शिवाय दोन्ही नाण्यांवर त्याच रेघा, त्याच जागी. हाताने इतकं सारखं खरवडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"नाना सुटले," ती म्हणाली.

मग अध्यक्षांना चरे दिसले कुठून? तिने जुना अंक काढला. फोटोत तिलाही चरेच दिसत होते. तिने अंक सहज उलटा धरला, तर तेच चरे वर उठून आले. उजेड वरून पडतो, असं आपले डोळे धरूनच चालतात. फोटो उलटा छापला की उंच ते खोल दिसतं. चित्रात घोडा असता तर कुणालाही चूक कळली असती, पण त्या तुकड्यात नुसत्या रेघाच होत्या. आणि फोटोच्या कोपऱ्यात वरची बाजू दाखवणारा बाण होता. उलटा. नानांच्या हातचा.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला खरं बोलायचा धीर होईना.

"सांगून टाक," आई म्हणाली. "त्यांना खोटं खपत नाही, म्हणून तर हे एवढं रामायण झालं."

नानांनी सगळं ऐकून घेतलं. अंक सुलटा धरला, उलटा धरला, पुन्हा सुलटा धरला.

"म्हणजे टकल्या दिसलं तेच बोलला."

"हो."

"आणि मी त्याला नाणं बघूसुद्धा दिलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत. मग ते उठून चपला शोधू लागले.

अध्यक्षांनी दार उघडलं. आता त्यांच्या डोक्यावर खरोखरच एकही केस नव्हता. नानांनी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. मागे उभ्या असलेल्या भिंगबाईने पर्समधून भिंग काढून पुढे केलं.

"चूक माझी होती. फोटो मीच उलटा लावला होता," नाना म्हणाले. "लगाम कुणी खरवडलेला नाही. बघ, खात्री करून घे."

अध्यक्षांनी भिंगाकडे पाहिलंही नाही. त्यांनी नाण्यावर मूठ मिटली.

"बघायचंय काय त्यात?" ते म्हणाले. "तू सांगतोयस ना. आत ये."