खिडकीतल्या हॉटस्पॉटची साक्ष

मी एक जुना मोबाइल आहे. माझी गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण मित्रांनो, आधी मला सांगा, तुम्हाला ती का ऐकायचीय? सहज? बरं. सहज म्हणणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही, पण असू दे.

हा संशयी स्वभाव काही मी जन्माला येताना आणला नव्हता. कारखान्यात तयार झालो तेव्हा मी अगदी भोळा होतो. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच कितीतरी भाऊ, कुणी पुढे, कुणी मागे. एका मुलीने मऊ फडक्याने माझं तोंड पुसलं आणि खोक्यात निजवलं. जग चांगलंच असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग मला आत्याबाईंनी विकत घेतलं. त्या पडदे शिवतात. भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून सगळी गल्ली आत्याबाई म्हणते. दुकानात त्यांनी माझं खोकं उलटंपालटं करून पाहिलं, चिकटपट्टी नखाने खरवडली आणि दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यात आधी कुणी बोललेलं तर नाही ना?" दुकानदार हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात ना, तसं माझं झालं.

माझे दिवस मात्र चांगले गेले. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं, कापडांचे रंग, शिवून झालेले पडदे, सगळ्याचे फोटो मी काढले. एकदा शिलाई मशीनवरून खाली पडलो तरी चालू राहिलो. तेव्हा आत्याबाई भाचीला कौतुकाने म्हणाल्या, "फोन नाही, खडा आहे खडा!" माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कौतुक, म्हणून तेवढं सांगून टाकतो. पुढे त्यांची मोठी कात्री माझ्या कोपऱ्यावर पडली आणि काचेला तडा गेला. बॅटरीही थकली. एक दिवस घरात नवा फोन आला. गुळगुळीत, चकचकीत, बोट लावण्याआधीच जागा होणारा. माझ्या पोटातले सगळे फोटो त्याच्या पोटात गेले. मला तो पहिल्या दिवसापासूनच आवडला नव्हता, आणि हे मी मत्सराने म्हणत नाहीये.

मला वाटलं, आता आपली रवानगी जुन्या बटणांच्या डब्यात. पण त्याच सुमारास वाय-फायचं प्रकरण घडलं.

घरात तेव्हा भिंतीवर वाय-फायचा राउटर होता. त्याचे दिवे सारखे लुकलुकायचे. आत्याबाई मशीन थांबवून त्याच्याकडे बघत बसायच्या. "आपण कुणी काही वापरत नाही, मग हा डोळे कुणाला मिचकावतो?" भाचीने समजावलं, की आत्या, दिवे असेच लागतात. पण एकदा मनात किडा वळवळला की आत्याबाई थोड्याच थांबणार! वाय-फाय जोडून देणारा माणूस गल्लीतल्या सगळ्यांना आपलं इंटरनेट वाटतो, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि राउटर काढायला लावला.

आता भाचीचं काम अडलं. ती घरी बसून एका दातांच्या दवाखान्याचे पेशंट सांभाळते. कुणाला कधी यायचं ते सांगते, कुणाचा दात दुखला तर व्हिडिओवर बघून डॉक्टरांना कळवते. इंटरनेट नाही तर तिचं काम नाही. मग तिनेच तोड काढली. रोजचा ठरावीक डेटा मिळणारं एक सिम माझ्यात घातलं, मला खिडकीच्या कट्ट्यावर चार्जरला लावून ठेवलं, कारण रेंज तिथेच येते, आणि माझा हॉटस्पॉट चालू केला. म्हणजे मित्रांनो, मी मोबाइलचा डेटा घ्यायचा आणि घरातल्या बाकीच्या फोन-कॉम्प्युटरांना वाटायचा. रोजचा शिधा ठरलेला. तो संपला की मुंगीच्या पावलांनी चालायचं.

"हॉटस्पॉटला नाव आणि पासवर्ड काय देऊ?" भाचीने विचारलं.

"जुनाच दे, वाय-फायचा होता तो. तो पासवर्ड मी स्वतः रचलाय. कुणाच्या बापाला सापडायचा नाही."

वाय-फायचं नावही त्यांनीच ठेवलेलं होतं : 'इथे काही नाही'. चोराने वाचलं तर तो माघारी फिरावा म्हणून. भाचीने तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला. घरातल्या सगळ्यांना वाटलं, बरं झालं, नव्याने काही घालायला नको.

आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या आधी डेटा संपला.

भाचीच्या पडद्यावर आ वासलेला एक पेशंट तसाच गोठून बसला. "अगं आत्या, इतका डेटा गेला कुठे?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आत्याबाईंनी मला उचललं, चष्मा लावला आणि माझ्या तोंडावरचं वाचलं : जोडलेली उपकरणं, तीन.

"एक तुझा कॉम्प्युटर. एक माझा फोन. तिसरा कोण?"

तिसरं कुणी आहे, हे मलाही दिसत होतं. पण कोण किती घेतं, ते मला मोजता येत नाही. माझ्या काळच्या फोनांना तेवढी अक्कल दिलेली नव्हती. माझ्याकडून दिवसभर कुणीतरी घटाघटा पीत होतं एवढंच मला जाणवायचं, आणि त्या पिण्याने मी तापायचो.

आमची खिडकी व्हरांड्यात उघडते. समोर सिस्टरांची खोली. त्या निवृत्त नर्स आहेत, एकट्या, अकरा वर्षं आत्याबाईंच्या भाडेकरू. भाडेकरू कसल्या, मैत्रीणच. आत्याबाईंना कावीळ झाली तेव्हा ह्याच बाईंनी रात्रंदिवस त्यांचं केलं. त्यावेळी कावीळ ओसरल्यावर आत्याबाईंनी वाय-फायचा पासवर्ड स्वतः त्यांच्या फोनात घालून दिला होता. आत्याबाई ते विसरल्या होत्या. सिस्टरही विसरल्या होत्या. त्यांचा फोन मात्र विसरला नव्हता. 'इथे काही नाही' हे नाव दिसलं, की तो आपला जुन्या सवयीने येऊन माझ्याशी जोडून घ्यायचा.

आत्याबाईंना आता झोप लागेना. त्यांनी आधी खिडकीचा पडदा काढला, व्हरांड्यावर नजर ठेवता यावी म्हणून. पडदे शिवणारीच्याच खिडकीला पडदा नाही, म्हणून गिऱ्हाइकं हसायची. मग त्यांनी नवा फोन समोरच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला, त्याचा कॅमेरा माझ्यावर रोखला आणि रोज सकाळभर व्हिडिओ काढायला लागल्या. पुरावा हवा ना!

पुरावा मिळालाही. पडदा गेल्यापासून सकाळचं ऊन थेट माझ्या अंगावर पडायचं. सिस्टर व्हरांड्यातून जाताना थांबायच्या, इकडेतिकडे बघायच्या, गजांतून हात आत घालायच्या आणि मला धरायच्या. मलासुद्धा पहिल्यांदा शंका आली, की बाई, एवढी जवळीक कशाला? पण त्या काय करायच्या ते मला ठाऊक होतं. आत्याबाईंना फक्त हात दिसला.

त्या व्हिडिओ बघायच्या तेही आवाज बंद करून. बाहेर ऐकू गेलं तर चोर सावध होईल ना!

शेवटी एक दिवस त्या मला मुठीत धरून सिस्टरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सिस्टर, तुमचा फोन दाखवा."

सिस्टरांनी निमूट दाखवला. त्यावर 'इथे काही नाही' लिहिलेलं होतं.

"अगं बाई!" सिस्टर म्हणाल्या. "हे कधी जोडलं गेलं? ताई, खरंच मला पत्ता नाही. मी तर म्हणतेय, माझा डेटा हल्ली खूप पुरतो."

"पुरणारच! माझा संपतोय ना! आणि माझ्या फोनला रोज हात का लावता तुम्ही? नाही म्हणू नका, व्हिडिओ आहे माझ्याकडे."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "तुम्ही माझे व्हिडिओ काढलेत, ताई?"

"हात का लावता ते सांगा आधी."

मी आत्याबाईंच्या मुठीत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं. हजारो माणसांचं बोलणं इकडून तिकडे नेलं मी, पण स्वतःचा एक शब्द काढायची सोय नाही. सिस्टरांनी आपल्या फोनातून आमचं नाव पुसून टाकलं आणि म्हणाल्या, "ज्या घरात माझ्यावर पाळत ठेवतात, तिथे मला राहायचं नाही. या रविवारी खोली सोडते."

भाची आत्याबाईंवर चिडली. "आत्या, कुणाला बोलतेयस तू? सिस्टरांना?" आत्याबाईंनी मान उडवली आणि पासवर्ड बदलून टाकला. माझ्या तोंडावर आता दोनच उपकरणं दिसत होती. "आता बघ," त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत पुरतो की नाही ते."

दुसऱ्या दिवशी डेटा जेवणाच्याही बराच आधी संपला.

आत्याबाई मशीनवरून उठल्या. माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, मग भाचीकडे. ती नजर मी चांगली ओळखतो.

"बघू नकोस माझ्याकडे अशी!" भाची उसळली. "आता मीच राहिले होय? आण तो तुझा फोन. कुणी किती खाल्लं ते सगळं लिहिलेलं असतं त्यात."

तिने आधी आपला कॉम्प्युटर दाखवला. थोडंसं. मग नवा फोन उघडला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, अगं तूच!"

"मी? मी काय केलं?"

"तुझ्या फोनाने. त्याला सांगून ठेवलंय, की वाय-फाय मिळालं तरच फोटो-व्हिडिओ वर पाठवायचे. आपण हॉटस्पॉटला जुन्या वाय-फायचंच नाव दिलं. त्याला वाटतंय हे घरचं वाय-फाय, कितीही वापरा. आधी त्याने तुझे सगळे पडद्यांचे फोटो पाठवले. आता सकाळभराचे व्हिडिओ पाठवतोय."

"वर म्हणजे? माळ्यावर?"

"इंटरनेटवर गं! नवा पासवर्ड घातलास तरी त्याला हे वाय-फायच वाटतं. चोर पकडायला तू जो व्हिडिओ काढत होतीस ना, तोच डेटा खात होता."

आत्याबाई खुर्चीत बसल्या. पण हार मानतील तर त्या आत्याबाई कसल्या! "बरं. खाल्ला असेल. पण त्यांचा हात? हात तर खोटा नाही ना?" म्हणून त्यांनी व्हिडिओ लावला, नेहमीसारखा मुका. भाचीने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि आवाज मोठा केला.

व्हिडिओत सिस्टर खिडकीशी आल्या. हात आत घातला. ताप बघतात तसा उलटा तळवा माझ्या पाठीला लावला. "अरे बापरे, किती तापलायस रे! असाच उन्हात राहिलास तर फुगशील बिचारा." मग मला हळूच सरकवून बटणांच्या डब्याच्या सावलीत ठेवलं. "ताईंना सांगायला हवं. पण सांगितलं तर म्हणतील, माझ्या फोनकडे तुमचं लक्ष कशाला? जाऊ दे. मी आहे तोवर सरकवत जाईन."

भाचीने दुसऱ्या दिवशीचा लावला. पुन्हा तोच तळवा, पुन्हा तीच सावली. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणत होत्या, "तुझी मालकीण हल्ली माझ्याशी बोलत नाही रे. काय चुकलं माझं, कुणास ठाऊक."

आत्याबाईंनी फोन पालथा ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला चार्जरमधून काढलं, नवा फोनही उचलला आणि आम्हा दोघांना पदराखाली धरून व्हरांडा ओलांडला. सिस्टरांच्या खोलीत बॅगा भरून झाल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ तेवढं काढायचं राहिलं होतं.

"सिस्टर, माझं चुकलं," आत्याबाई म्हणाल्या. "फार चुकलं. तुम्ही माझ्या उशाशी बसला होतात, आणि मी तुमच्यावर कॅमेरा लावला. मी आज व्हिडिओ ऐकला."

"ऐकला?" सिस्टर गोऱ्यामोऱ्या झाल्या. "त्यात आवाजपण येतो? मी काय काय बडबडते हो त्याच्याशी!"

"जाऊ नका. जायचंच असेल तर मी अडवणार नाही. पण एवढं एक करून जा." आत्याबाईंनी मला आणि नव्या फोनला त्यांच्या पुढे धरलं. "पासवर्ड तुम्ही घाला. दोन्हींत घाला. मला सांगू नका. मी बघतसुद्धा नाही."

आणि मित्रांनो, दुकानदारावर संशय घेणाऱ्या, राउटरच्या दिव्यांवर संशय घेणाऱ्या आत्याबाई खरोखर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टर बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग माझ्या पाठीला तळवा लावून त्या म्हणाल्या, "आधी ह्याला गार होऊ दे. मग घालू. तुम्ही बसा, ताई." त्यांनी आत्याबाईंना बसायला जागा करून देण्यासाठी एक बॅग उचलली आणि पुन्हा पलंगाखाली सरकवली.

आता माझ्या खिडकीला जाड पडदा आहे, आत्याबाईंनी त्याच दुपारी शिवलेला. भाचीने नव्या फोनला बजावून ठेवलंय, की हा हॉटस्पॉट आहे, इथला डेटा मोजका आहे. डेटा आता संध्याकाळपर्यंत पुरतो आणि थोडा उरतोही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना फोन कुठल्यातरी खिडकीत राबत असेल. त्याला उन्हात ठेवू नका. कधीतरी पाठीला हात लावून बघा. आणि कुणावर बोट दाखवायचंच असेल, तर आधी आवाज चालू करून सगळं ऐका.

आता तुम्ही विचाराल, सिस्टरांनी पासवर्ड काय ठेवला?

का विचारताय? सहज?